बंदी, त्याचे घर आणि सुटकेनंतरचे दिवस : हुबळी-धारवाडच्या संदर्भात एक आढावा

कारागृहातील बंद्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या आधाराचा विचार करताना दोन गोष्टी आधी वेगळ्या करून पाहाव्या लागतात, कारण व्यवहारात त्या एकमेकींत इतक्या मिसळतात की कोणती सोय कोणासाठी आहे, हेच कळेनासे होते. पहिली गोष्ट साहाय्याची. माणूस आत असताना त्याला वकील मिळणे, जामीन मिळाल्यावर जामीनदार मिळणे, घरच्यांची भेट होणे आणि घरी मागे राहिलेल्यांची चूल पेटती राहणे, हे सारे साहाय्यात मोडते. दुसरी गोष्ट पुनर्वसनाची, म्हणजे सुटून आलेल्या माणसाला काम, निवारा आणि समाजात पूर्वीसारखी उठबस मिळवून देण्याची. या दोहोंना जोडणारा दुवा बंद्याचे घर हाच असतो. तरीही कारागृह गृहखात्याकडे, मुलांचे प्रश्न महिला व बालविकास खात्याकडे आणि मोफत वकील विधी-सेवा प्राधिकरणाकडे अशी विभागणी झाल्यामुळे घर म्हणून घराकडे पाहणारे खाते कोणतेच उरलेले नाही, आणि या क्षेत्रातील बहुतेक उणिवांचे मूळ तेथेच सापडते.

हुबळी-धारवाड या जोडशहराच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याला विशेष कारण आहे. धारवाडला मध्यवर्ती कारागृह आणि हुबळीला उपकारागृह आहे. बेळगावचे हिंडलगा कारागृह धारवाडपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठही धारवाडलाच आहे. २००८ साली फिरते म्हणून सुरू झालेले हे खंडपीठ २०१३ साली कायम झाले. त्यामुळे अपिलासाठी बंगळुरू गाठण्याची उत्तर कर्नाटकातील कुटुंबांची पायपीट बरीच कमी झाली, आणि बंद्यांच्या नातेवाइकांच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतील ही कदाचित सर्वांत मोलाची सुधारणा ठरावी, जरी ती त्या हेतूने झालेली नव्हती. शिवाय १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे येथील कारागृहांची घडण आणि महाराष्ट्रातील कारागृहांची घडण एकाच कायद्यांतून झाली आहे, आणि या विषयातील दोन जुने, परस्परविरोधी धडेही त्याच सामाईक इतिहासात दडलेले आहेत.

पहिला धडा हुबळीतलाच आहे. शहरात आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली सुधारून मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला आणि त्यानुसार हरणशिकारी, घंटीचोर, कोरवी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून कुंपणाच्या आत वसवण्यात आले. विजापूर, गदग, हुबळी आणि सोलापूर येथील या वसाहतींचा कारभार ज्यांनी दीर्घकाळ पाहिला, त्या ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याची धारणा अशी होती की, या लोकांना नियमित मजुरी आणि मुलांना शाळा मिळाली, तर पुढची पिढी गुन्ह्यापासून दूर जाईल. म्हणूनच बहुतेक वसाहती गिरण्या किंवा रेल्वे कारखाना असलेल्या शहरांत वसवल्या गेल्या. पुढे १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच स्टार्ट यांच्याकडे आले आणि तिचे एक सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वसाहतींत शाळा होत्या, काम होते, कुटुंबाची ताटातूटही बहुधा होत नव्हती. पण ज्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झालेला नव्हता, अशा बायका-मुलांनाही हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. पुनर्वसनाची सर्व साधने हाताशी होती. नव्हता तो विश्वास, आणि त्यामुळे कुटुंबाला आधार देण्याऐवजी कुटुंबालाच शिक्षेत सामील करून घेतले गेले. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी सराईत गुन्हेगारांसंबंधीचे नवे कायदे त्याच्या जागी आले आणि संशयाची नजर कायद्याच्या पानांवरून पोलिसी सवयीत उतरली.

दुसरा धडा आटपाडीचा आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. खुली वसाहत म्हणजे भिंत आणि गज नसलेले कारागृह, जेथे शिक्षा झालेला बंदी शेती करतो आणि ठरावीक मर्यादेत मोकळा वावरतो. स्वतंत्रपूरचे वेगळेपण असे की तेथे बंद्याला आपल्या बायका-मुलांसह राहता येते. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला असून त्याचे लेखन त्याच परिसरातल्या ग. दि. माडगूळकरांचे होते. चित्रपटाने अधिकाऱ्याचा त्याग आणि कैद्यांचे हृदयपरिवर्तन यांना मध्यभागी ठेवले, ते कलेच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु कारागृहशास्त्राच्या दृष्टीने पाहता स्वतंत्रपूरचे खरे योगदान हृदयपरिवर्तनापेक्षा संसार न मोडण्यात आहे. ज्याचे घर टिकले त्याला परतायला जागा राहिली. हुबळीची वसाहत आणि स्वतंत्रपूर या दोन्ही ठिकाणी कुटुंब एकत्रच होते, पण एका ठिकाणी संशयाने गोवलेले आणि दुसऱ्या ठिकाणी भरवशाने सोबत आणलेले. आजच्या कोणत्याही योजनेचे मोल ठरवताना हीच कसोटी लावावी लागेल.

या दोहोंच्या मधोमध धारवाडची बोर्स्टल शाळा येते. सोळा ते एकवीस या वयातील अपराध्यांना सराईत कैद्यांपासून दूर ठेवून शिक्षण आणि हस्तव्यवसाय देणारी संस्था म्हणजे बोर्स्टल. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या एका गावावरून हे नाव पडले. मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियम १९२९ मध्ये झाला आणि धारवाडची शाळा त्या इलाख्यातील अग्रगण्य संस्था होती. या कायद्यातील परवान्यावरील सुटकेची तरतूद आजही लक्ष देण्याजोगी आहे, कारण तिच्यात मुदतीपूर्वी सुटलेल्या तरुणाला एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या देखरेखीखाली सोपवले जाई. म्हणजे सुटका ही एका संध्याकाळी घडून संपणारी घटना नसून काही महिने चालणारी प्रक्रिया आहे, हे तत्त्व येथे जवळपास शंभर वर्षांपूर्वीच कायद्यात आले होते. शिक्षा न देता अपराध्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणारी परिविक्षा १९३८ च्या मुंबई कायद्याने आणि पुढे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आली. सुटलेल्याची काळजी घेणारे अनुरक्षण मात्र संस्थांच्या आणि अनुदानांच्या मर्जीवर राहिले. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३ मध्ये कारागृहांना सुधारणासेवेचे रूप देण्याची सविस्तर शिफारस केली, आणि त्यानंतरच्या आदर्श नियमावल्यांनी तीच भाषा चालवली.

वर्तमानाकडे येताना प्रथम संख्या लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होती. न्यायाधीन बंदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही असा माणूस, ज्याला बोलीत कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी, बोलीतला पक्का कैदी. पुनर्वसन म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांपैकी जवळजवळ सर्व सोयी दुसऱ्या गटासाठी आहेत. कारखान्यातील काम आणि मजुरी, शिक्षेत मिळणारी माफी, अभिवचन रजा म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळणारी तात्पुरती सुटका, खुल्या कारागृहात जाण्याची संधी, हे सारे शिक्षा लागल्यानंतरचे आहे. हुबळीच्या उपकारागृहासारख्या ठिकाणी, जेथे मुख्यतः कच्चे कैदी असतात, यांतले फारसे काही पोहोचत नाही. ज्याचा दोष सिद्ध झाला त्याच्या वाट्याला थोडाफार आधार आणि ज्याचा झाला नाही त्याच्या वाट्याला नुसती वाट पाहणे, अशी ही उफराटी स्थिती आहे.

सिद्धदोष बंद्यांच्या मजुरीबाबत कर्नाटकाने खरोखर मोठे पाऊल टाकले आहे. अलीकडच्या वाढीनंतर येथील दर दिवसाला पाचशे रुपयांच्या वर गेले आहेत, तर महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतरही बंदिस्त कारागृहातील कुशल बंद्याला शंभर रुपयेसुद्धा मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या गुजरातसंबंधीच्या निकालात बंद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला देण्याचे आणि त्यातील काही भाग गुन्ह्याने नुकसान झालेल्यांसाठी राखण्याचे तत्त्व सांगितले होते. मजुरीचा प्रश्न कुटुंबाच्या बाजूने पाहिला तर त्याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते, कारण घरी पैसे पाठवू शकणारा बाप किंवा मुलगा घराच्या हिशेबात जिवंत राहतो. जो काहीच पाठवू शकत नाही त्याचे नाव दोन-चार वर्षांत त्या हिशेबातून गळून जाते. महाराष्ट्राने याच गरजेवर वेगळा उपाय शोधला. १ मे २०२२ पासून येरवडा कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली, तिच्यात दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला त्याच्या कामाच्या मजुरीच्या आधारावर सात टक्के व्याजाने पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, वकिलाच्या फीला कामी येते. गजाआडच्या माणसाला बँक कर्जदार म्हणून ओळखते, ही गोष्ट रकमेहून मोठी आहे. कर्नाटकातील मजुरीचे दर पाहता अशी योजना धारवाडला अधिक सहजपणे पेलली जाईल.

न्यायाधीन बंद्याच्या घराची पहिली लढाई जामिनाची असते, आणि येथे कायद्याने दिलेले हाती पडण्याआधी कागदांची एक मोठी उतरंड पार करावी लागते. जामीन मंजूर होणे म्हणजे सुटका होणे नव्हे. न्यायालय हमी देणारा जामीनदार मागते आणि जामीनदार म्हणून उभे राहणाऱ्याकडे जमिनीचा उतारा, घराचा कर भरल्याची पावती किंवा पगाराचा दाखला असावा लागतो. सेटलमेंटमधील किंवा शहराच्या कडेच्या झोपडवस्तीतील कुटुंबाच्या सगळ्या गोतावळ्यात असा एक माणूस निघत नाही. हल्याळ किंवा खानापूर तालुक्यातून मजुरीला आलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसाचा भाऊ गावाकडे दोन एकर राखून असतो, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातला पडतो. वास्तविक १९७८ मधील मोतीराम प्रकरणात, एका गवंड्याच्या भावाची हमी केवळ तो परजिल्ह्यातला म्हणून नाकारली गेली असता, न्या. कृष्ण अय्यर यांनी असा भेद अयोग्य ठरवला होता. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बंद्याला मिळावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी-सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, आणि महिन्याभरात हमी देता आली नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, काही अपवाद सोडून, सुटकेचा हक्क देते. नियम आहेत, आणि चांगले आहेत. ते घरच्यांना समजावून सांगणारा, कागद गोळा करून देणारा माणूस नाही.

भेटीचा प्रश्न वरवर लहान वाटतो. हुबळीच्या आईला धारवाडच्या कारागृहातील मुलाला भेटायचे तर ‘चिगरी’ या शहरी बसने वीस किलोमीटर जायचे एवढेच. पण त्याला हिंडलगा, विजापूर किंवा बळ्ळारीला हलवले की प्रत्येक मुलाखतीला, म्हणजे ठरलेल्या दिवशी होणाऱ्या भेटीला, एक दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो आणि सोबत कोणी न्यावे लागते ते वेगळेच. तेथे ओळखपत्राची नक्कल विसरली तर आल्या पावली परतावे लागते, आणि भेट झालीच तर जाळीपलीकडच्या गलक्यात काही मिनिटांत घरातले आजारपण, शेतातली नांगरट आणि वकिलाचा निरोप सगळे उरकावे लागते. बंद्याला शक्यतो घराजवळच्या कारागृहात ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेले नेल्सन मंडेला नियम सांगतात. ई-मुलाखतीने, म्हणजे इंटरनेटवरील दृक्-श्राव्य भेटीने, अंतर काहीसे कमी केले आहे, परंतु लहान मुलाला बापाचा स्पर्श त्यातून मिळत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातील काही कारागृहांत बंद्याला आपल्या मुलांना जवळ घेऊन बसू देणारा ‘गळाभेट’ हा उपक्रम विशेष मोलाचा आहे आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

मुलांच्या बाबतीत कायद्याची जाण इतर बाबींपेक्षा पुढे आहे. आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईसोबत राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहार, आरोग्य आणि शिक्षण यांचे नियम घालून दिले. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कारागृहाची नोंद होऊ नये, इतकी बारीक काळजी त्यात घेतलेली आहे. सहा वर्षांनंतर मूल बाहेर नातेवाइकाकडे किंवा संस्थेत जाते. पण आईसोबत आत राहणारी मुले मोजकी असतात, तर बाप आत असल्यामुळे बाहेर उघडी पडलेली मुले कितीतरी अधिक असतात, आणि त्यांची कोणत्याही कारागृहाच्या नोंदवहीत गणती होत नाही. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत पालक कारागृहात असलेल्या मुलांचा स्पष्ट समावेश असून तिचे मासिक साहाय्य २०२३ पासून २,२५० रुपये झाले आहे. बंगळुरूची सोकेअर ही संस्था जन्मठेपेच्या बंद्यांच्या मुलांचा सांभाळ करते. उत्तर कर्नाटकातल्या मुलाने मात्र त्यासाठी चारशे किलोमीटर दूर जायचे म्हणजे उरलेल्या एका पालकापासूनही तुटायचे, हा उपाय नाइलाजाचाच म्हणावा लागेल.

सुटकेनंतरचा सर्वांत अवघड अडसर कामापेक्षाही नावाचा असतो. भाडेकरूची पडताळणी, कंत्राटदाराला हवा असलेला पोलिसांचा दाखला आणि हुबळी-धारवाडसारख्या शहरात पोलीस ठाण्यात उघडलेली ‘रावडी शीट’, म्हणजे उपद्रवी ठरवलेल्या व्यक्तीची नोंद, ही तिन्ही सुटलेल्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षे चालत राहतात. निवडणूक किंवा सण आला की अशांना ठाण्यात हजेरीला बोलावले जाते. त्या दिवशी कामावर न गेलेल्या माणसाला मुकादम दुसऱ्या दिवशी कारण विचारतो. ज्या समाजांवर जन्माने शिक्का बसला होता त्यांच्या बाबतीत हा भार दुपटीने पडतो. बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ हे आत्मकथन लिहिले ते याच अनुभवातून, आणि बेरड जमातीतील तरुणांना दरोड्यांच्या गुन्ह्यांत गोवण्याविरुद्ध त्यांनी दिलेला लढा हा सीमाभागातील बंदी-कुटुंबांच्या साहाय्याचाच एक मोठा अध्याय आहे, जरी पुनर्वसनाच्या ग्रंथांत त्याची नोंद त्या नावाने होत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त, म्हणजे पूर्वी जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. हुबळीच्या कुंपणाशी या निकालाचे नाते थेट आहे.

मनाच्या आणि कलेच्या अंगाने कर्नाटकाची परंपरा समृद्ध आहे, पण तिचा येथे थोडक्यातच निर्देश पुरे. म्हैसूरच्या रंगायण या नाट्यसंस्थेतील हुलुगप्पा कट्टीमनी यांनी कारागृहांतील बंद्यांना घेऊन नाटके बसवली आणि जन्मठेपेचे बंदी कारागृहाबाहेरच्या रंगमंचावर प्रेक्षकांसमोर उभे राहिले. धारवाडला रंगायणाची शाखा आहे आणि मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची शासकीय संस्थाही आहे. व्यसन आणि नैराश्य यांच्या उपचाराला जोडून असे काम नियमित करायला या शहराइतकी अनुकूल जागा राज्यात क्वचितच सापडेल.

राहतो तो मनुष्यबळाचा प्रश्न, आणि त्याचे सर्वांत टिकाऊ उत्तर मुंबईत मिळाले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई आणि परिसरातील कारागृहांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमत आला आहे. हा कार्यकर्ता कारागृहाचा नोकर नसतो, त्यामुळे बंदी त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो. तो घरी जाऊन पत्ता शोधतो, रेशनकार्डाचे, शाळेचे काम मार्गी लावतो, जामीनदार मिळवण्याचा प्रयत्न करतो आणि सुटकेनंतर काही काळ प्रशिक्षणार्थी म्हणून कामाला लावतो. अमरावतीच्या ‘वऱ्हाड’ या संस्थेने विदर्भात बंद्यांच्या कुटुंबांपर्यंत जाण्याचे असेच काम उभे केले. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा समाजकार्य विभाग आणि हुबळीला राज्य विधी विद्यापीठ असताना अशा कार्यकर्त्यांची उणीव भासावी, याला साधनांचे कारण सांगता येणार नाही.

अशा कार्यकर्त्याची निकड केंद्र सरकारच्या २०२३ मधील गरीब बंदी साहाय्य योजनेतून नेमकी दिसते. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या न्यायाधीन बंद्यासाठी चाळीस हजार आणि दंड भरू न शकणाऱ्या सिद्धदोष बंद्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंतची तरतूद तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत होती, आणि मंजुरीचा अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व विधी-सेवा प्राधिकरणाचे सचिव ज्यात आहेत अशा जिल्हा समितीला दिलेला होता. अमली पदार्थ, आर्थिक अफरातफर आणि दहशतवादविरोधी कायद्यांखालील आरोपी तिच्यातून वगळलेले आहेत. बंदी खरोखर गरीब आहे का, याची चौकशी सचिवाने समाजकार्यकर्ते किंवा परिविक्षा अधिकारी यांच्या मदतीने दहा दिवसांत पुरी करावी, असे त्या मूळ सूचनांत म्हटले होते. ही चौकशी म्हणजे कोणीतरी त्या घरी जाऊन येणे. ते जाणे नेमून दिलेल्या, पगारी आणि त्या घरची भाषा, मग ती कन्नड असो, मराठी असो की उर्दू, बोलणाऱ्या कार्यकर्त्याकडे सोपवले गेले, तर त्याच एका भेटीत मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि जामीनदाराचा कागद हे तिन्ही प्रश्न पाहता येतील. ही नेमणूक प्रथम धारवाडच्या मध्यवर्ती कारागृहात न होता हुबळीच्या उपकारागृहात व्हावी, कारण माणसांची ये-जा तेथे सर्वांत जलद होते आणि घर मोडायला सुरुवात होते ती पहिल्या काही आठवड्यांतच.